सापडले ते कोणाचे?

२०१६ साली पूर्व गालीलात सोबत्यांबरोबर पायी सहलीला निघालेल्या एका महिलेला गवतात काहीतरी चकाकताना दिसले. तिने वाकून ते उचलले, तेव्हा तिच्या तळहातावर सोन्याचे एक नाणे आले. लागलीच प्राचीन वस्तूंची देखभाल करणाऱ्या सरकारी खात्याला कळविण्यात आले आणि दोन तासांच्या आत त्या खात्याचा माणूस त्या ठिकाणी येऊन पोहोचला. पुढे तज्ज्ञांनी नाणे तपासले. रोमचा सम्राट त्राजन याने इ. स. १०७ मध्ये आपल्या आधीच्या सम्राटांच्या स्मरणार्थ जी नाणी पाडली, त्यांपैकी ते एक होते. एका बाजूस रोमन सैन्याची निशाणे आणि त्राजनाचे नाव. दुसऱ्या बाजूस मात्र त्राजनाचा नव्हे, तर ऑगस्टसचा मुखवटा आणि त्याला देवपद मिळाल्याचे सांगणारी अक्षरे. या छापाचे दुसरे एकच नाणे तोवर जगाला ठाऊक होते, ते लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये. त्या महिलेने नाणे सरकारच्या स्वाधीन केले. तिला मिळाले ते एक प्रशस्तिपत्र. नाणे देऊन टाकणे सोपे गेले नाही, हे तिने मोकळेपणाने सांगितले. ते संग्रहालयात मांडलेले पाहायला मिळावे, एवढीच इच्छा तिने व्यक्त केली.

ऑगस्टसचे नाव आपल्या कानांना परके नाही. नाताळच्या रात्री वाचल्या जाणाऱ्या संत लूकच्या शुभवर्तमानात ज्या कैसराने नावनोंदणीचा हुकूम काढला, तोच हा. तो मेल्यावर रोमने त्याला देव मानले आणि शतक उलटण्याच्या सुमारास दुसऱ्या एका सम्राटाने त्याचा चेहरा पुन्हा सोन्यावर उमटविला. असे एक सोन्याचे नाणे म्हणजे चांदीचे पंचवीस दीनार. द्राक्षमळ्यातील मजुरांच्या दाखल्यात दिवसभराच्या कष्टांची मजुरी एक दीनार आहे. म्हणजे साधारण महिनाभराची मजुरी त्या एका चकाकणाऱ्या तुकड्यात सामावलेली होती. बाजारात त्याची मोड मिळणे कठीण. ते कोणा सैनिकाच्या कमरेतून गळून पडले असेल, की कोणी संकटकाळी पुरून ठेवले असेल, हे एकट्या नाण्यावरून सांगता येत नाही. एवढे खरे की, ते ज्याचे होते तो शेकडो वर्षांपूर्वी मातीला मिळाला. त्याचे वारस कोण, हे कोणी सांगू शकणार नाही.

येथेच आमच्या मनात एक प्रश्न उभा राहतो. रस्त्यात पाकीट सापडले तर ते परत करावे, हे आपण मुलांना शिकवितो. कारण ते हरवल्यामुळे कोठेतरी कोणीतरी कासावीस झालेले असते. पण जेथे रडणारा कोणी उरलेलाच नाही, तेथे प्रामाणिकपणा नेमका कोणाशी करायचा? मालक मेला, त्याचे राज्य गेले, त्याची भाषाही कोणाच्या बोलण्यात उरली नाही. अशा वेळी उचलणाऱ्याने नाणे गुपचूप खिशात घातले तर त्याने कोणाचे काय चोरले?

मिलानचा द्वारपाल

आधी सोपी बाजू पाहू. मालक जिवंत आहे, त्याची वस्तू आपल्याला सापडली आहे. याविषयी आपली परंपरा निःसंदिग्ध आहे. मोशेच्या नियमशास्त्रातील अनुवाद या ग्रंथात, भाऊबंदाचे चुकलेले जनावर दिसले तर ते त्याच्याकडे पोहोचवावे, असे सांगितले आहे. तो नियम दुसऱ्याचे घेऊ नको एवढ्यावर थांबत नाही. पाहूनही न पाहिल्यासारखे करू नको, असेही बजावतो. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण-ग्रंथातही सापडलेली वस्तू जाणूनबुजून ठेवून घेणे सातव्या आज्ञेविरुद्धच मोजले आहे.

संत अगस्तीनने आपल्या एका प्रवचनात याविषयी एक हकीकत सांगितली आहे. तो मिलानमध्ये असताना ती घडली होती. एका व्याकरण-शिक्षकाच्या दारावर राखण करणारा एक अत्यंत गरीब माणूस होता. शिक्षक मूर्तिपूजक, द्वारपाल ख्रिस्ती. या द्वारपालाला एक पिशवी सापडली. आत सुमारे दोनशे सोलिदस, म्हणजे त्या काळची सोन्याची नाणी. एकेक नाणे सुमारे साडेचार ग्रॅमचे, म्हणजे जवळजवळ नऊशे ग्रॅम सोने! द्वारपालाने ज्याचे हरवले असेल त्याने यावे, अशी जाहीर सूचना लावली. मालक धावत आला. द्वारपालाने पिशवीची खूण, तिच्यावरील मोहर, नाण्यांची संख्या विचारून खात्री करून घेतली आणि पिशवी त्याच्या हाती दिली. मालकाने आनंदाने वीस नाणी पुढे केली; द्वारपालाने घेतली नाहीत. दहा तरी घ्या म्हटले, नाही. निदान पाच! तरीही नाही. तेव्हा मालकाने रागाने पिशवीच खाली टाकली आणि म्हटले की, तू काहीच घेणार नसशील तर माझे काही हरवलेच नव्हते. अखेर त्या दरिद्री माणसाने दिले ते घेतले, आणि घेतल्या पावली सारे गोरगरिबांना वाटून टाकले.

अगस्तीनचा निवाडाही कठोर आहे. सापडलेले परत न करणे म्हणजे हिसकावून घेणेच, असे तो मानतो. संधी होती तेवढे घेतले. अधिक संधी असती तर अधिक घेतले असते, असा त्याचा रोख. देव हाताकडे नव्हे, मनाकडे पाहतो, हे त्याला सुचवायचे आहे.

शेतातला ठेवा

आता अवघड बाजू. संत थॉमस अक्विनास याने आपल्या महाग्रंथात चोरीचा विचार करताना सापडलेल्या धनाचा प्रश्न स्वतंत्रपणे हाताळला आहे. त्याने तीन प्रकार पाडले. समुद्रकिनाऱ्यावर सापडणारे मोती व रत्ने कधी कोणाची नव्हतीच, ती उचलणाऱ्याची. फार पूर्वी जमिनीत पुरलेले आणि आता मालक नसलेले धन जवळपास त्याच वर्गात मोडते; मात्र ते परक्याच्या शेतात सापडले तर देशाच्या कायद्याप्रमाणे अर्धे जमीनमालकाला द्यावे लागते. तिसरा प्रकार अलीकडेच हरवलेल्या वस्तूंचा. त्या ठेवून घेण्याच्या इराद्याने उचलणे ही चोरीच, आणि येथे थॉमस अगस्तीनचाच आधार घेतो. अर्ध्या वाटणीचा नियम त्याच्याही आधीचा. तो रोमचा सम्राट हेड्रियन याने घालून दिला होता.

याच संदर्भात थॉमस मत्तयच्या शुभवर्तमानातील शेतात लपविलेल्या ठेव्याच्या दाखल्याकडे वळतो. त्या माणसाला ठेवा सापडला, त्याने तो पुन्हा लपविला, घरदार विकले आणि ते शेत विकत घेतले. असे का? तर साऱ्या ठेव्यावर त्याचा हक्क लागावा म्हणून, असे थॉमस सांगतो. रात्रीच्या अंधारात येऊन त्याने हंडा पळविला नाही, हे खरे. तरीही वाचकाच्या मनात एक खडा राहतोच. शेत विकणाऱ्याला आत काय आहे हे ठाऊक असते तर त्याने ते त्या भावाने विकले असते काय? आम्हांस वाटते, हा खडा झाकण्याचे कारण नाही. प्रभू येशू येथे जमिनीच्या खरेदी-विक्रीचे नियम शिकवीत नाही. अन्यायी कारभाऱ्याच्या दाखल्यात जशी लबाडीची नव्हे तर दूरदृष्टीची वाहवा आहे, तशी येथे लपविण्याची नव्हे, तर एका गोष्टीसाठी सर्वस्व विकण्याच्या तयारीची वाहवा आहे. स्वर्गाच्या राज्यासाठी माणसाने काय मोजावे, हे सांगणारा हा दाखला आहे; गुप्तधन सापडले तर काय करावे, हे सांगणारा नव्हे.

शुभवर्तमानात सापडलेल्या नाण्याचा आणखी एक दाखला आहे, तो लूकच्या पंधराव्या अध्यायात. दहांपैकी एक नाणे हरविलेली स्त्री दिवा लावते, घर झाडते, कानाकोपरा धुंडाळते. आणि सापडल्यावर? ती शेजारणींना हाक मारते. नाणे तिचेच होते. कोणाला सांगण्याचे बंधन नव्हते. तरी सापडल्याचा आनंद एकटीने दार लावून भोगावा, असे तिला वाटले नाही. हे दोन दाखले शेजारी शेजारी ठेवून पाहावेत, असे आम्ही सुचवितो. एकात सापडणाऱ्याचा हात झाकतो, दुसऱ्यात त्याच्या तोंडून हाक निघते.

म्हणजे थॉमसच्या तर्काने पाहिले, तर शेकडो वर्षांपूर्वी बेवारस झालेले सोने ठेवून घेणारा प्रत्येक वेळी चोर ठरत नाही. देशाचा कायदा पाळला, जमीनमालकाचा वाटा दिला, की सातव्या आज्ञेचा हिशेब बहुधा पुरा होतो. मग प्रश्न संपला का? आम्हांस वाटते, संपला नाही. सातवी आज्ञा जेथे थांबते, तेथे आठवी सुरू होते. मालक नाहीसा झाला म्हणजे वस्तू परत करण्याचे कर्तव्य मावळते. पण तिच्याविषयी खरे सांगण्याचे कर्तव्य मावळत नाही. उलट ते वाढते, कारण आता सांगणारा एकटा सापडणाराच उरलेला असतो.

साक्षीदार

हे नुसत्या तर्काने नव्हे, तर आपल्या काळात घडलेल्या एका प्रकरणाने समजून घेऊ. ज्यूलियस सीझरचा वध इ. स. पूर्व ४४ मध्ये मार्चच्या १५ तारखेला झाला. मारेकऱ्यांपैकी ब्रूटसने पुढे ग्रीसकडे सैन्य जमविले आणि सैनिकांचा पगार भागविण्यासाठी इ. स. पूर्व ४२ मध्ये नाणी पाडली. त्यांतील एका छापावर एका बाजूस ब्रूटसचा मुखवटा, आणि दुसऱ्या बाजूस दोन खंजीर, त्यांच्या मधोमध मुक्त झालेला गुलाम घालीत असे ती टोपी, आणि खाली वधाची तारीख. हत्येची कबुली आणि तिचे समर्थन एकाच नाण्यावर! इतिहासकार दिओ कासियस यानेही या नाण्याचा उल्लेख करून ठेवला आहे. त्याच वर्षी फिलिप्पै येथील लढाईत ब्रूटसचा पराभव झाला आणि त्याने स्वतःच्या हाताने जीवन संपविले. पुढे सुमारे नव्वद वर्षांनी याच फिलिप्पै नगरात संत पौल आला, नदीकाठी जमलेल्या स्त्रियांशी बोलला, आणि जांभळे कापड विकणाऱ्या लुदियेचा बाप्तिस्मा झाला. ज्या मंडळीला पौलाने आपले सर्वांत प्रेमळ पत्र लिहिले, ती या भूमीतली.

या छापाची सोन्याची दोनच नाणी जगाला ठाऊक होती. ऑक्टोबर २०२० मध्ये तिसरे नाणे लंडनच्या लिलावात आले आणि ३२ लाख पौंडांहून अधिक रकमेला विकले गेले. प्राचीन नाण्याला एवढी किंमत आल्याने जगभर बातम्या झाल्या. ते एका जुन्या युरोपीय संग्रहातून आले आहे, असे त्याच्यासोबतचे कागद सांगत होते. ते कागद खोटे होते. लिलावगृहाच्या प्रमुखास जानेवारी २०२३ मध्ये न्यूयॉर्क येथे अटक झाली; त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्याने गुन्हा कबूल केला. नाणे त्याआधीच, मार्च २०२३ मध्ये, इतर काही प्राचीन वस्तूंसह ग्रीसला परत करण्यात आले होते.

न्याय झाला, असे आपण म्हणू. सोने परत गेले, हे खरे. पण सारे परत गेले काय? ब्रूटस आणि कासियस यांच्या सैन्याचा तळ जेथे पडला होता, त्या भागातून नाणे बाहेर आले असावे, असा तपास करणाऱ्यांचा कयास. पण कोणत्या गावचे शेत, किती खोलीवर, शेजारी काय होते? ते एकटेच होते की थैलीत आणखी नाणी होती? जवळ हाडे होती काय, मडके होते काय, चूल होती काय? ते ज्या क्षणी जमिनीतून उपसले गेले, त्या क्षणी या प्रश्नांची उत्तरे तेथे होती. उपसणाऱ्याने पाहिलीही असतील. ती आता न्यायालयाच्या कोणत्याही हुकमाने परत मिळणार नाहीत.

जाणकार नाण्याला साक्षीदार म्हणतात, ते यासाठी. नाण्यावर राजाचे नाव असते, कधी सालही कळते; पण साक्षीदाराला बोलते करायचे तर तो कोठे उभा होता हे कळावे लागते. याचे उत्तम उदाहरण आपल्या वसईच्या अंगणातच आहे. नालासोपाऱ्याच्या बुरूड राजाच्या कोटात पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ साली स्तूपाचे उत्खनन केले. दगडी पेटीत तांब्याचा करंडक, त्यात चांदीचा, त्यात दगडाचा, त्यात स्फटिकाचा आणि सर्वांत आत सोन्याचा करंडक निघाला. त्या सोन्याच्या करंडकात सोन्याची फुले आणि मातीच्या भांड्याचे काही बारीक तुकडे होते. भगवान बुद्धाच्या भिक्षापात्राचे अवशेष म्हणून कोणा भक्तांनी ते जपले असावेत, असे मानले जाते. बाहेर बुद्धांच्या आठ मूर्ती होत्या, आणि त्याच ठेव्यात यज्ञश्री सातकर्णी या सातवाहन राजाचे चांदीचे नाणे होते. नाणे दुसऱ्या शतकाच्या सुमाराचे. मूर्ती मात्र अभ्यासकांच्या मते आठव्या-नवव्या शतकातल्या. म्हणजे मधल्या काळात कोणीतरी तो ठेवा उघडला, श्रद्धेने त्यात भर घातली आणि पुन्हा बंद केला, असा तर्क करता आला. भगवानलालजींनी कशाच्या शेजारी काय होते हे लिहून ठेवले, म्हणून हे शक्य झाले. तेच नाणे एखाद्या सराफाच्या दुकानात एकटे आले असते, तर ते तोळ्या-माशाने बोलले असते, त्याहून अधिक नाही.

आणखी एक गोष्ट मनाला भिडते. त्या साऱ्या पेट्यांच्या आत सोने हे वेष्टन होते आणि ठेवा होता तो मातीचा. ज्यांनी तो ठेवला त्यांची किमतीची कल्पना आणि लुटारूची किमतीची कल्पना अगदी उलट असते. लुटारूच्या हाती तो पडता, तर त्याने सोने ठेवून ती माती झटकून टाकली असती.

म्हणून आम्ही म्हणतो, गुपचूप विकणारा सोने चोरतो की नाही हा वाद वकिलांनी घालावा. तो साक्ष मात्र निश्चित बुडवितो. खोट्या कागदावर सही करणारा तर खोटी साक्ष देतो. आणि ती कोणाविरुद्ध? एक तर मेलेल्यांविरुद्ध, ज्यांना आपल्या बाजूने बोलता येत नाही. मेलेल्याच्या टाळूवरचे लोणी खाणे, असे आपली मराठी ज्या कृत्याला म्हणते, ते यापेक्षा वेगळे नाही. दुसरे, आज जिवंत असलेल्या शेजाऱ्यांविरुद्ध, ज्यांच्या गावाची ती कथा होती. आणि तिसरे, अजून जन्मास न आलेल्यांविरुद्ध. मृतांसाठी प्रार्थना करणारे आणि संतांच्या सहभागितेवर श्रद्धा ठेवणारे आपण लोक. मेलेल्यांशी आपला संबंध संपला, असे आपल्याला म्हणता येत नाही. मग त्यांच्याशी प्रामाणिकपणाचा संबंध तरी कसा संपेल?

गरिबाच्या हाती कुदळ असते

येथपर्यंतचे बोलणे सोपे होते. आता एका आक्षेपाला सामोरे गेले पाहिजे, नाहीतर हा लेख उंबरठ्यावर बसून दुसऱ्याला उपदेश करणारा ठरेल.

जमिनीतले धन बहुधा सुखवस्तू माणसाला सापडत नाही. ते सापडते पाया खणणाऱ्या मजुराला, विहीर उपसणाऱ्याला, नांगर धरणाऱ्याला. गालीलातील त्या महिलेला नाणे देऊन टाकणे जड गेले, तरी तिच्या घरची चूल त्यावाचून अडणार होती, असे दिसत नाही. पण ज्याच्या घरी आजारी मूल आहे आणि डोक्यावर सावकाराचे कर्ज आहे, त्याच्या कुदळीखाली मडके खणकन वाजले तर? कचेरीत वर्दी दिली तर आपल्यालाच चोर ठरवतील, दहा हेलपाटे मारावे लागतील, आणि अखेर हाती काही येणार नाही, अशी त्याची धास्ती असते. ती अगदीच निराधार आहे, असे आम्हांला म्हणवत नाही.

आपल्या देशात यासाठी १८७८ सालचा निखात निधी कायदा आहे. तो वाचला तर त्यात शहाणपण आढळते. दहा रुपयांहून अधिक किमतीचे गुप्तधन सापडले तर काय सापडले, कोठे, कधी, हे कलेक्टरांना लेखी कळवावे, असे तो सांगतो. गेल्या शंभर वर्षांच्या आत ते पुरणारा किंवा त्याचा वारस पुढे आला नाही, तर धन बेवारस ठरते. जागेचा मालक हक्क सांगत असेल तर, वेगळा करार नसल्यास, तीन चतुर्थांश सापडणाऱ्याचे आणि एक चतुर्थांश मालकाचे. सरकारला ते हवे असेल तर धातूच्या किमतीवर एक पंचमांश अधिक देऊन घ्यावे. न कळविणाऱ्यास शिक्षा आहे. म्हणजे वाटणीत मोठा वाटा कुदळ धरणाऱ्याला दिला आहे. पण हा वाटा आपल्याला मिळू शकतो, हे किती मजुरांना ठाऊक आहे? आणि ठाऊक असले तरी तो हातात पडेल, असा विश्वास किती जणांना आहे?

सत्य बोलणे हे व्यक्तीचे कर्तव्य असेल, तर सत्य बोलणाऱ्याला न नाडणे हे समाजाचे कर्तव्य आहे. मिलानच्या मालकाने वीस नाणी पुढे केली, हे विसरून चालणार नाही; त्याने द्वारपालाचा उपकार मानला, त्याच्यावर संशय घेतला नाही. राजसत्ता न्याय विसरली तर तिच्यात आणि दरोडेखोरांच्या टोळीत फरक काय, असा प्रश्न अगस्तीननेच दुसऱ्या एका ग्रंथात केला होता. कुंपणच शेत खाऊ लागले तर नांगरणाऱ्याला नीती शिकविण्याचा अधिकार आपल्याला राहत नाही. म्हणून एखादा गरीब माणूस लपवितो तेव्हा त्याच्या दोषात आपल्या सर्वांचा काही वाटा असतो. तो दोष नाहीसा होत नाही, विभागला जातो.

तरीही लपविण्याला एक स्वतःचे विष असते, हे त्या माणसाच्या हितासाठीच सांगायला हवे. गुप्तधनाच्या हंड्यावर नाग बसलेला असतो, असे आपल्या लोककथा सांगतात. तो नाग बाहेर नसतो. ज्याने लपविले तो शेजाऱ्याला भितो, भावाला भितो, बायकोशी खोटे बोलतो. सोने मोडताना पडेल त्या भावाला विकतो, कारण विकत घेणाऱ्यालाही त्याचे भय कळलेले असते. गुप्तधनाच्या लोभाने आपल्या महाराष्ट्रात माणसे किती खोल अंधारात उतरली आहेत, याची साक्ष २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा देतो. मौल्यवान वस्तू व गुप्तधन शोधण्यासाठी केलेली अमानुष कृत्ये त्याला नावानिशी गुन्हा ठरवावी लागली. लूकच्या दाखल्यातील स्त्रीने दिवा लावला होता. धन शोधायला दिवा हवा आणि सापडल्यावरही तो विझवू नये, एवढे तरी तिच्याकडून घेता येईल.

मुद्रा कोणाची

आपल्यापैकी बहुतेकांना त्राजनाचे नाणे कधी सापडणार नाही. पण सापडणे हा प्रकार आपल्या जीवनात रोजचा आहे. दुकानदाराने चुकून दिलेली जादा मोड सापडते. आजोबांच्या ट्रंकेत एखादा जुना कागद सापडतो आणि त्यात चुलत्याच्या हिश्श्याविषयी काही लिहिलेले असते, जे आता कोणाला आठवत नाही. मृताच्या उशाखाली अशी चिठ्ठी सापडते, जिच्यामुळे घरातल्या एकाचा फायदा आणि दुसऱ्याचा तोटा आहे. पाहणारे आपण एकटेच असतो, आणि ज्याचा हक्क आहे त्याला आपला हक्क आहे हेच माहीत नसते. सारे प्रश्न तेच आहेत. मालक बोलू शकत नाही, साक्षीदार एकच आहे, आणि तो साक्षीदार म्हणजे आपण.

येशूला करासंबंधी पेचात पकडायला आलेल्यांना त्याने नाणे दाखवायला सांगितले आणि त्यावर मुद्रा कोणाची, हे विचारले. कैसराचे कैसराला आणि देवाचे देवाला देण्याविषयीचे त्याचे उत्तर आपल्याला पाठ आहे. तेर्तुल्यन आणि त्याच्यानंतर अगस्तीन यांनी त्यातला दुसरा भाग उलगडून दाखविला. नाण्यावर कैसराची मुद्रा आहे म्हणून ते कैसराचे. माणसावर देवाची मुद्रा आहे, म्हणून माणूस देवाचा.

गालीलात त्या दिवशी गवतात एक मुद्रा पडली होती, देव म्हणविल्या गेलेल्या एका सम्राटाची. एकोणीसशे वर्षे मातीत राहूनही ती पुसली नव्हती. सोने गंजत नाही. ती उचलणारी व्यक्ती मात्र दुसऱ्या मुद्रेची होती, आणि ती मुद्रा सोन्याइतकी चिवट नाही. तिला खोट्याने ओरखडा पडतो, आणि लपवालपवीने ती झिजते. नाणे देऊन टाकताना त्या महिलेला जड गेले, हे तिने सांगितले, म्हणूनच तिची गोष्ट आम्हांला खरी वाटते. जे सहज सुटते, त्यात आपली परीक्षा होत नाही. ऑगस्टसचा चेहरा तिने सोडून दिला, स्वतःचा सांभाळला.